चौकट, सूत्र आणि दृष्टी : आवर्ती न्यूनतम पृष्ठांच्या रचनेचा इतिहास

साहित्याच्या तौलनिक अभ्यासात 'रचना', 'आवर्तन', 'पृष्ठभाग', 'अवकाश' हे शब्द वारंवार येतात. यांतील बहुतेक शब्द भूमितीतून आलेले आहेत आणि साहित्यविचारात येताना त्यांचा मूळ नेमकेपणा पुष्कळदा मागे राहिला आहे. या शब्दांना गणितात कोणता अर्थ असतो आणि तो अर्थ किती कष्टाने कमावलेला असतो, हे एखाद्या प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे पाहिल्यास ते तुलनाकारांना उपयुक्त ठरेल. अवकल भूमितीतील आवर्ती न्यूनतम पृष्ठे हे असे एक उदाहरण होय. या पृष्ठांची रचना कशी केली जाते, हे समजावून देणे हा प्रस्तुत लेखाचा मुख्य हेतू आहे. त्या ओघात एका विशिष्ट प्रश्नाकडे लक्ष वेधावयाचे आहे. 'जायरॉइड' या नावाने आज ओळखले जाणारे पृष्ठ ज्या सूत्रात सामावलेले होते, ते सूत्र १८६०च्या दशकातच लिहिले गेले होते. पृष्ठ मात्र प्रसिद्ध झाले १९७० साली. सूत्र हाताशी असूनही शंभर वर्षे ते कोणाला का दिसले नाही?

१. 'न्यूनतम' या संज्ञेचा अर्थ

तारेची एक बंद चौकट साबणाच्या पाण्यात बुडवून वर काढली, की तिच्यात एक पातळ पडदा ताणलेला दिसतो. पृष्ठताणामुळे हा पडदा आपले क्षेत्रफळ शक्य तितके कमी करू पाहतो. चौकट सपाट असेल तर पडदाही सपाट राहतो. चौकट वाकडीतिकडी असेल तर पडद्याला वाकावे लागते. हे वाकणे मनमानी नसते. पडद्यावरील कोणत्याही बिंदूपाशी तो एका दिशेने जितका वर वळतो, तितकाच तिच्याशी काटकोनात असलेल्या दिशेने खाली वळतो. घोड्याच्या खोगिराचा मध्यभाग डोळ्यांपुढे आणल्यास ही स्थिती सहज कळते. या दोन वक्रतांची सरासरी, म्हणजे माध्य वक्रता, प्रत्येक बिंदूपाशी शून्य असते. ज्या पृष्ठाची माध्य वक्रता सर्वत्र शून्य आहे, त्यालाच गणितात न्यूनतम पृष्ठ म्हणतात.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. 'न्यूनतम' हे विशेषण अख्ख्या पृष्ठाला लागू पडेलच असे नाही. पृष्ठाचा पुरेसा लहान तुकडा घेतला, तर त्याच कडांमध्ये ताणलेल्या इतर पृष्ठांपेक्षा त्याचे क्षेत्रफळ कमी असते, एवढेच या व्याख्येतून निघते. व्याख्या स्थानिक आहे. प्रत्येक बिंदू आपल्या निकटच्या परिसरापुरता एक नियम पाळतो. त्या नियमाच्या पालनातून संपूर्ण आकृती कशी उभी राहील, हे नियमात कोठेही लिहिलेले नसते. स्थानिक नियम आणि संपूर्ण आकृती यांच्यातील हे अंतर कसे ओलांडावयाचे, हाच या विषयाचा गाभा आहे.

या विषयाचा आरंभ अठराव्या शतकात झाला. लिओनार्ड ऑयलर यांनी १७४४ साली कॅटेनॉइडचा विचार केला. दोन समांतर कड्यांमध्ये साबणाचा पडदा ताणला असता मध्ये बारीक झालेला डमरूसारखा जो आकार मिळतो, तो कॅटेनॉइड होय. जोसेफ लुई लाग्रांज यांनी १७६०च्या सुमारास न्यूनतम पृष्ठांचे सर्वसाधारण समीकरण मांडले. १७७६ साली जाँ बाप्तिस्त म्यनिए यांनी त्या समीकरणाचा वक्रतेशी असलेला संबंध स्पष्ट केला आणि गोल जिन्याप्रमाणे फिरत वर चढणारे हेलिकॉइड हेही न्यूनतम पृष्ठ असल्याचे दाखविले. पुढे एकोणिसाव्या शतकात बेल्जियममधील भौतिकीविद जोझेफ प्लातो यांनी साबणाच्या पडद्यांवर दीर्घकाळ प्रयोग केले आणि १८७३ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. या प्रयोगांपैकी पुष्कळसे त्यांनी दृष्टी गमावल्यानंतर, इतरांच्या डोळ्यांच्या साहाय्याने केलेले आहेत. दिलेल्या चौकटीत न्यूनतम पृष्ठ असतेच का, या प्रश्नाला आज त्यांचेच नाव आहे. त्याचे समाधानकारक उत्तर १९३०च्या सुमारास जेसी डग्लस आणि टिबोर राडो यांनी स्वतंत्रपणे दिले.

२. चौकटीकडून अवकाशाकडे

आवर्ती पृष्ठ म्हणजे ठरावीक अंतराने सरकवले असता स्वतःशीच तंतोतंत जुळणारे पृष्ठ. ठिपक्यांच्या रांगोळीत एक आकृती दोन दिशांनी पुनरावृत्त होत जाते. स्फटिकात अणूंची मांडणी तीन दिशांनी पुनरावृत्त होते. प्रस्तुत लेखात अभिप्रेत असलेली पृष्ठे स्फटिकाप्रमाणे तिन्ही दिशांनी अनंतापर्यंत पसरणारी आहेत. साहजिकच त्यांची रचना करावयाची म्हणजे एक मर्यादित तुकडा मिळवावयाचा आणि त्याच्या प्रती अशा रीतीने जोडावयाच्या, की सांधा कोठेही दिसू नये.

असा पहिला तुकडा जर्मन गणितज्ञ हेर्मान आमांडुस श्वार्ट्झ यांनी १८६५ साली शोधला. सुसम चतुष्फलकाला सहा कडा असतात. त्यांपैकी दोन समोरासमोरच्या कडा वगळल्या, की उरलेल्या चार कडांची एक बंद चौकट तयार होते. ही चौकट एका प्रतलात बसत नाही. तिच्यात ताणलेल्या न्यूनतम पृष्ठाचे अचूक वर्णन श्वार्ट्झ यांनी केले. बेर्नहार्ट रीमान यांनीही हा प्रश्न स्वतंत्रपणे हाताळला होता. त्यांचे लेखन १८६६ साली झालेल्या त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले.

श्वार्ट्झ यांच्या कार्याचे खरे महत्त्व पुढच्या पायरीत आहे. न्यूनतम पृष्ठाची कड सरळ रेषा असेल, तर त्या रेषेभोवती पृष्ठाला अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश, फिरवून मिळणारी प्रत मूळ तुकड्याशी पूर्णपणे गुळगुळीतपणे जोडली जाते. त्याचप्रमाणे पृष्ठ एखाद्या प्रतलाला सर्वत्र काटकोनात भेटत असेल, तर त्या प्रतलाच्या आरशातील त्याचे प्रतिबिंब त्याला अखंडपणे पुढे नेते. या दोन विधानांना मिळून परावर्तनतत्त्व म्हणतात. चतुष्फलकाच्या चौकटीतील प्रत्येक कोपरा ६० अंशांचा आहे. एका कोपऱ्याभोवती कडांमागून कडांवर अर्धे फेरे घेत गेल्यास सहा प्रतींमध्ये वर्तुळ पुरे होते आणि सातवी प्रत पहिलीवर अचूक येऊन बसते. कोपऱ्याचा कोन भलताच असता, तर प्रती एकमेकींवर चढल्या असत्या. येथे तसे होत नाही आणि पृष्ठ स्वतःला कोठेही न छेदता सर्व अवकाशभर पसरते.

हे पृष्ठ आज 'डी' या अक्षराने ओळखले जाते, कारण त्याने विभागलेल्या अवकाशाची घडण हिऱ्यातील कार्बनच्या जाळीसारखी आहे आणि हिऱ्याच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर 'डी' आहे. पृष्ठ अवकाशाचे दोन भाग करते. दोन्ही भाग अखंड आहेत, एकमेकांत गुंतलेले आहेत, तरीही एका भागातून दुसऱ्या भागात जाण्याची वाट नाही. दोन भुलभुलैये एकाच भिंतीच्या दोन बाजूंना नांदावेत, तशी ही स्थिती आहे. 'डी' पृष्ठाच्या भुलभुलैयात प्रत्येक चौकातून चार वाटा फुटतात. श्वार्ट्झ यांच्याच 'पी' या दुसऱ्या पृष्ठात चौकातून सहा वाटा निघतात. घनाच्या सहा बाजूंना नळ जोडून केलेल्या जाळीची त्यावरून आठवण होते. श्वार्ट्झ यांचे शिष्य, फिनलंडमधील एडवर्ड रुडॉल्फ नेओव्हिउस यांनी १८८३ साली आणखी एका पृष्ठाची भर घातली. त्यानंतर जवळजवळ आठ दशके हा विषय थोड्याफार फरकाने तेथेच राहिला.

३. सदसत् संख्या आणि सहचर कुल

श्वार्ट्झ यांना आपल्या तुकड्याचे अचूक वर्णन करता आले, त्यामागे कार्ल वायरस्ट्रास आणि आल्फ्रेड एनेपर यांनी १८६०च्या दशकात दिलेली एक पद्धत होती. मराठी गणितलेखनात ज्यांना 'सदसत् संख्या' म्हणतात, त्या सत् आणि असत् अशा दोन घटकांनी बनलेल्या असतात. या संख्यांवरील फलनांची एक जोडी घेतली, विशिष्ट रीतीने तिचे समाकलन केले आणि मिळालेल्या उत्तराचा फक्त सत् घटक ठेवला, की एक न्यूनतम पृष्ठ मिळते. कोणत्याही न्यूनतम पृष्ठाचा लहान तुकडा या मार्गाने मिळू शकतो. साबणाच्या पडद्याचा प्रश्न अशा रीतीने फलनांच्या निवडीचा प्रश्न होतो.

या पद्धतीतून आपोआप एक विलक्षण गोष्ट निष्पन्न होते. फलनांची जोडी तीच ठेवून तिला एका कोनाने 'फिरवले', तर सत् आणि असत् घटकांची सरमिसळ बदलते आणि वेगळे पृष्ठ मिळते. कोन शून्यापासून हळूहळू वाढवीत गेल्यास पृष्ठांची एक सलग मालिका तयार होते. तिला सहचर कुल म्हणतात. या कुलातील सर्व पृष्ठांवर लांबी, कोन आणि क्षेत्रफळ यांची मापे तंतोतंत सारखी असतात. केवळ पृष्ठावरच वावरणाऱ्या आणि बाहेरचा अवकाश न पाहणाऱ्या एखाद्या मुंगीला आपण कुलातील कोणत्या पृष्ठावर आहोत, हे लहान परिसरातील मोजमापांवरून कधीही ठरविता येणार नाही. फरक असतो तो पृष्ठ अवकाशात कसे मांडले आहे यात. मध्ये चिरलेले कॅटेनॉइड याच मार्गाने, न ताणता वा न फाडता, ९० अंशांवर हेलिकॉइड होते. डमरू आणि गोल जिना ही एकाच कुलाची दोन रूपे आहेत, ही गोष्ट डोळ्यांना सहजासहजी पटणारी नाही.

बरोबर ९० अंशांच्या अंतरावर असलेल्या दोन पृष्ठांना परस्परांची संयुग्मी पृष्ठे म्हणतात. त्यांच्यात एक नियमबद्ध अदलाबदल असते. एका पृष्ठावर जेथे सरळ रेषा आहे, तेथे दुसऱ्यावर आरशाच्या प्रतलाला काटकोनात भेटणारी वक्ररेषा असते. 'डी' आणि 'पी' ही अशीच संयुग्मी जोडी आहे.

तथापि सहचर कुलातील प्रत्येक पृष्ठ उपयोगी पडत नाही. मूळ पृष्ठावर फिरून पहिल्या जागी येणारी वाट फिरवलेल्या पृष्ठावर त्याच जागी परत येईल याची शाश्वती नसते. ती थोडी सरकून संपते. ही सर्व सरकणी एका जालकात नेमकी बसली, तरच पृष्ठ आवर्ती होते. गणितज्ञ याला आवर्तांचा प्रश्न म्हणतात आणि आवर्ती पृष्ठांच्या रचनेतील खरी अडचण बहुधा येथेच असते. 'डी' आणि 'पी' यांच्या दरम्यानच्या कोनांवर सामान्यतः सरकणी जालकात बसत नाहीत आणि पृष्ठ स्वतःला वारंवार छेदू लागते. त्यामुळे या मधल्या प्रदेशात काही हाती लागेल, अशी अपेक्षा बाळगण्याचे कारण कोणालाही वाटले नाही.

४. जायरॉइड

अॅलन शोएन हे मूळचे स्फटिकांचा अभ्यास करणारे भौतिकीविद होते. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते अमेरिकेच्या 'नासा' या अवकाश संस्थेच्या, मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथील इलेक्ट्रॉनिक्स संशोधन केंद्रात काम करीत होते. त्यांची वाट गणितज्ञांच्या वाटेपेक्षा वेगळी होती. चौकट आणि सूत्र यांच्याऐवजी त्यांनी भुलभुलैयांच्या सांगाड्यांपासून सुरुवात केली. पृष्ठाच्या दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांमधून मधोमध जाणारी रेषांची जाळी काढली, तर 'पी' पृष्ठात सहा-सहा आणि 'डी' पृष्ठात चार-चार फाट्यांची जाळी मिळते. मग जिच्या प्रत्येक चौकातून तीन फाटे निघतात, अशी एक सममित जाळी स्फटिकशास्त्रात परिचित असताना तिच्या सोबतीला न्यूनतम पृष्ठ का नसावे? शोएन यांनी प्लॅस्टिकच्या प्रतिकृती करून या आकाराचा शोध घेतला आणि त्याला 'जायरॉइड' असे नाव दिले. १९७० साली 'नासा'ची तांत्रिक टिपणी म्हणून त्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. तीत जायरॉइडसह अनेक नवी आवर्ती न्यूनतम पृष्ठे वर्णिलेली होती. त्याच वर्षी ते संशोधन केंद्रही बंद झाले.

जायरॉइड हे 'डी' आणि 'पी' यांच्याच सहचर कुलातील पृष्ठ आहे. 'डी'पासून मोजल्यास ते सुमारे ३८.०१ अंशांवर येते. हा कोन दोन दीर्घवृत्तीय समाकलांच्या गुणोत्तरावरून निश्चित होतो. ३० किंवा ४५ यांसारखा सहज सुचणारा तो कोन नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जायरॉइडवर एकही सरळ रेषा नाही आणि त्याला एकही आरशाचे प्रतल नाही. त्याच्या दोन भुलभुलैयांचे एकमेकांशी नाते डाव्या आणि उजव्या शंखासारखे आहे. एक दुसऱ्याचे प्रतिबिंब आहे, पण नुसते सरकवून वा फिरवून एकावर दुसरा बसविता येत नाही.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. श्वार्ट्झ यांची संपूर्ण रचनापद्धती सरळ कडा आणि आरसे यांवर उभी होती. ज्या पृष्ठाला सरळ कड नाही, त्याला तारेची चौकट करता येत नाही. ज्याला आरसा नाही, त्याचा तुकडा परावर्तनाने वाढविता येत नाही. पद्धतीला पकडण्यासाठी जी मूठ लागते, तीच जायरॉइडमध्ये नव्हती. सूत्रात ते होते. परंतु सूत्राकडे ज्या दृष्टीने पाहिले जात होते, त्या दृष्टीच्या कक्षेत ते येत नव्हते. ते दिसले ते आधी जाळीचा आणि मग पृष्ठाचा विचार करणाऱ्या अभ्यासकाला.

याच सुमारास ही घडण पदार्थांतही आढळत होती. व्हित्तोरिओ लुझाती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली काही साबणसदृश पदार्थांत एकमेकांत गुंतलेल्या, तीन-तीन फाट्यांच्या दोन जाळ्या असल्याचे क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखविले होते. काही फुलपाखरांच्या पंखांवरील खवल्यांत जायरॉइडच्या एका बाजूचा भुलभुलैया कायटिन या द्रव्याने भरलेला आणि दुसरा हवेने भरलेला असतो. युरोपात आढळणाऱ्या 'कॅलोफ्रिस रुबी' या फुलपाखराचा हिरवा रंग रंगद्रव्यापेक्षा या घडणीमुळेच अधिक उत्पन्न होतो.

५. दर्शन आणि सिद्धता

शोएन यांच्या टिपणीत आकार होते, मापे होती, प्रतिकृतींची छायाचित्रे होती. परंतु गणितज्ञांच्या अर्थाने संपूर्ण सिद्धता नव्हती. त्यामुळे पुष्कळ काळ या पृष्ठांचे स्थान संदिग्ध राहिले. स्फटिकशास्त्रज्ञ व रसायनशास्त्रज्ञ त्यांचा उपयोग करीत होते, तर गणितात ती सिद्ध व्हावयाची होती. बॉन येथील हेर्मान कार्शर यांनी १९८९ साली शोएन यांच्या पृष्ठांच्या अस्तित्वाची सिद्धता दिली.

कार्शर यांच्या पद्धतीत संयुग्मी जोडीचा मार्मिक उपयोग आहे. स्फटिकाच्या एका कप्प्याच्या भिंतींना काटकोनात भेटणारे पृष्ठ हवे असते, पण त्याच्या कडा आगाऊ ठाऊक नसतात. त्यामुळे चौकट करता येत नाही. मात्र इष्ट पृष्ठाच्या संयुग्मी पृष्ठाला सरळ कडा असणार आणि त्या कडांच्या दिशा कप्प्याच्या भिंतींवरून कळतात. म्हणून आधी त्या सरळ कडांची चौकट बांधावयाची, तिच्यात प्लातोच्या प्रश्नाचे उत्तर घ्यावयाचे आणि मग ९० अंश फिरवून इष्ट पृष्ठाकडे यावयाचे. कडांच्या लांबी तेवढ्या अज्ञात राहतात. पृष्ठ कप्प्यात नेमके बसेपर्यंत त्या कमीजास्त कराव्या लागतात.

आरसेच नसलेल्या जायरॉइडला ही युक्तीही थेट लागू पडत नाही. तेथे सहचर कुलातील योग्य कोनाचाच आधार घ्यावा लागतो. ते पृष्ठ स्वतःला कोठेही छेदत नाही, याची सिद्धता कार्स्टेन ग्रोसे-ब्राउकमान आणि मायनहार्ट वोल्गेमुट यांनी १९९६ साली प्रसिद्ध केली. म्हणजे सूत्रापासून दर्शनापर्यंत एक शतक आणि दर्शनापासून सिद्धतेपर्यंत पाव शतक, असा हा प्रवास आहे. पुढे २००८ साली मार्टिन त्रेझे यांनी कोणत्याही त्रिमितीय जालकात अशी पृष्ठे विपुल प्रमाणात सामावू शकतात, असा व्यापक निष्कर्ष प्रस्थापित केला. जी वस्तू शतकभर दुर्मिळ समजली जात होती, ती सर्वत्र असल्याचे निष्पन्न झाले. शोएन यांचे २०२३ साली निधन झाले; त्यापूर्वी त्यांच्या जायरॉइडला गणितात आणि पदार्थविज्ञानातही मान्यता मिळालेली होती.

६. तुलनेच्या दृष्टीने

या इतिहासातून साहित्याच्या अभ्यासकाने थेट सिद्धान्त उचलू नयेत. साहित्यकृतीला माध्य वक्रता नसते आणि दोन भाषांतील दोन कृतींमध्ये कोनाने फिरविता येईल असे सूत्रही नसते. तरीही तुलनेच्या व्यवहाराविषयी दोन गोष्टी येथे विशेष स्पष्टपणे दिसतात.

पहिली गोष्ट साम्याच्या स्वरूपासंबंधी आहे. 'पी', 'डी' आणि जायरॉइड ही पृष्ठे लहान तुकड्यांच्या पातळीवर अभिन्न आहेत आणि संपूर्ण रचनेच्या पातळीवर पूर्णतः भिन्न आहेत. एकात सहा वाटांचे चौक, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात तीन. तुकड्यांच्या तुलनेवरून त्यांना एकच ठरविणारा अभ्यासक आणि संपूर्ण आकृतीवरून त्यांना असंबद्ध ठरविणारा अभ्यासक, हे दोघेही आपापल्या पुराव्याच्या मर्यादेत बरोबर असतात. तरीही कुलाचे नाते दोघांच्याही हातून निसटते. तुलना कोणत्या पातळीवर केली जात आहे, हे आधी सांगितल्याखेरीज साम्याविषयीचे विधान अपुरे राहते.

दुसरी गोष्ट पद्धतीसंबंधी आहे. श्वार्ट्झ यांची पद्धत सदोष नव्हती. तिने जे दिले ते आजही अबाधित आहे. परंतु ज्या वस्तूंना सरळ कडा आणि आरसे आहेत, त्याच वस्तू ती पद्धत देऊ शकत होती आणि जे मिळाले तेवढेच अस्तित्वात आहे, असा समज त्यातून नकळत रूढ झाला. भाषा, कालखंड, वाङ्मयप्रकार यांच्या चौकटी आखून चालणाऱ्या अभ्यासालाही हा धोका आहे. ज्या परंपरांना अशी स्पष्ट कड नाही, ज्या दोन भाषांच्या मधल्या प्रदेशात वाढल्या, त्या अभ्यासाच्या साधनांत आधीपासून नोंदलेल्या असूनही विषय म्हणून पुढे येत नाहीत. त्यांची अनुपस्थिती हा त्यांच्या नसण्याचा पुरावा मानण्यापूर्वी हाती असलेली चौकट काय पकडू शकते आणि काय नाही, हे तपासणे आवश्यक ठरते.